गल्लीगल्लीत तुकडे पाडून डांबरीकरण करायचं, की पाच वर्षांच्या देखभालीसकट एकत्र निविदा काढायची?

गोदाकाठ (धागाकर्ता)

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदेच्या निवडणुका झाल्या, प्रशासकांचा कारभार एकदाचा संपला आणि आता नव्या मंडळींचं पहिलं अंदाजपत्रक येतंय. आमची नगरपरिषद ब वर्गाची. गावाचं नाव लिहीत नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणच्या माणसाला हे आपल्याच गावाचं वाटेल, त्यामुळं नावानं काही फरक पडत नाही.

रस्त्यांच्या कामांची चार पानी यादी सगळ्या ग्रुपवर फिरायली. त्यातलं एक काम: 'किराणा दुकान ते अंगणवाडी रस्त्याचे डांबरीकरण करणे'. पुढचं काम अंगणवाडी ते मारुती मंदिर. त्याच्या पुढचं मारुती मंदिर ते पाण्याची टाकी. रस्ता एकच, सरळ, मधे वळणसुद्धा नाही. पण कामं तीन, अंदाजपत्रकं तीन आणि उद्या ठेकेदारही तीन. प्रत्येक तुकडा ई-निविदेच्या (ऑनलाइन खुल्या निविदेच्या) सक्तीच्या मर्यादेच्या जरा खाली बसवलेला. कशासाठी, ते सांगायची गरज नाही.

यात सगळा दोष नगरसेवकांचा आहे असं मी म्हणत नाही. पैसाच मुळात तुकड्यातुकड्यानं येतो. नगरोत्थानचा वेगळा, जिल्हा नियोजन समितीचा वेगळा, दलित वस्ती सुधारचा वेगळा, वैशिष्ट्यपूर्ण कामांचा वेगळा, आमदार निधीचा वेगळा, रस्ता अनुदान वेगळं. प्रत्येकाची मंजुरी वेगळी, अट वेगळी, बोर्डवर फोटो वेगळा. १५ व्या वित्त आयोगात २०२१-२६ साठी आपल्यासारख्या शहरांचा ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. राहिलेल्या ४० टक्क्यांत सगळ्या गावाच्या मागण्या. या सगळ्या यादीत देखभालीला म्हणून पैसा कुठंय? कुठंच नाही. नवीन काम म्हणलं की भूमिपूजन होतं, नारळ फुटतो. खड्डा बुजवायला कोण नारळ फोडणार?

म्हणून माझं म्हणणं असं. गावातल्या मुख्य आणि जोडरस्त्यांची एक यादी करावी, खराब ते बरे अशा क्रमानं. त्या सगळ्यांची एकच निविदा काढावी आणि पुढच्या पाच वर्षांची देखभाल त्याच करारात घालावी. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत हेच चालतं. रस्ता बांधणाऱ्यानं पाच वर्षं तो सांभाळायचा आणि त्या देखभालीचे दर करारातच ठरलेले. आमच्या शेजारच्या वस्तीवरचा ग्रामसडकेचा रस्ता शहरातल्या रस्त्यापेक्षा बरा आहे, ही शहराला लाज आणणारी गोष्ट आहे.

विरोध असेल तर कारणासकट लिहा. 'सगळे चोर आहेत' एवढंच लिहायचं असेल तर त्याला चहाची टपरी आहे.

रोलरवाला

मी ठेकेदार. आधीच सांगतो म्हणजे नंतर कुणी 'उघडं पाडलं' म्हणायला नको. छोटा आहे. स्वतःचा एक रोलर, दोन टिप्पर, डांबर प्लांट दुसऱ्याचा.

गोदाकाठ दादा, तुमची आयडिया कागदावर झक्कास हाय. आता हिशोब ऐका. शंभर रुपयाच्या अंदाजपत्रकाला चढाओढीत माणसं २०-२५ टक्के बिलो, म्हणजे कमी दरानं भरायलेत. म्हणजे पंच्याहत्तर ते ऐंशी राहिले. त्यातून कामगार उपकर १ टक्का, गौण खनिजाचं स्वामित्वधन, टीडीएस, अनामत कापून हातात येतं ते बघा. टेबलाखालचं मी लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक हाय. आणि हे सगळं बिल निघालं तर! २०२५ ला राज्यातल्या ठेकेदार संघटना थकीत बिलांचा आकडा ९० हजार कोटींच्या घरात सांगत होत्या. आकडा कमीजास्त असेल, पण माझं स्वतःचं बिल कशात अडकलंय ते मला माहीत हाय. डांबर उधारीवर मिळत नाही. रिफायनरीचे दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला बदलतात आणि गाडी भरायच्या आधी पैसे भरावे लागतात. खडीवाला आठ दिवस थांबतो, मजूर शनिवारपर्यंत थांबतो. नगरपरिषद दोन वर्षं थांबवते.

ग्रामसडकेत देखभालीचे पैसे राज्य सरकार देतं, त्याचा स्वतंत्र हेड (खर्चाचं खातं) हाय. तुमच्या नगरपरिषदेत पाचव्या वर्षी खड्डा बुजवल्याचं बिल कोण देणार? कशातून देणार? तोवर मुख्याधिकारी तीन बदललेले असतील. नवा साहेब म्हणणार, 'हे माझ्या काळातलं नाही.'

आणि एकत्र निविदा म्हणजे काय ते सरळ बोला. उलाढालीची अट, स्वतःच्या मालकीचा प्लांट आणि पेव्हरची (माल अंथरायच्या यंत्राची) अट, मागच्या कामाच्या अनुभवाची अट. म्हणजे आम्ही बाहेर. संभाजीनगर नाहीतर पुण्याचा मोठा माणूस येणार, त्याच्या नावावर काम घेणार आणि मलाच निम्म्या दरात सबला (पोटठेक्यानं) देणार. रोलर माझाच चालणार, फक्त वरती एक मालक वाढणार.

प्रभाग_नऊ

मागच्या सभागृहात मी पाच वर्षं नगरसेविका होते, त्यामुळे आतून बघितलेलं लिहिते.

तुकडे पाडणं वाईट, हे खरं. पण तुकडे पाडले नसते तर आमच्या वस्तीत रस्ता आलाच नसता, हेही तेवढंच खरं. दलित वस्ती सुधारचा निधी हा वस्तीसाठीच असतो, तो मुख्य रस्त्यावर खर्च करता येत नाही आणि करता येऊ नये. तुमच्या 'खराब ते बरे' यादीत पहिल्या पानावर काय येणार? बसस्टँड रोड, मोंढ्याचा रस्ता, तहसीलसमोरचा रस्ता. तिथूनच सगळी वाहतूक, तिथेच सगळ्यांची दुकानं, तिथूनच आमदाराची गाडी. आमची गल्ली पाचव्या पानावर, आणि पैसा तिसऱ्या पानावर संपणार. आम्ही हे प्रशासकाच्या काळात बघितलंय. तेव्हा नगरसेवक नव्हते, कुणी वाटून मागत नव्हतं, सगळं 'तांत्रिक निकषावर' होतं. तरी आमच्याकडं एक खडा पडला नाही.

तुम्ही त्या यादीतल्या नावांना हसता. 'किराणा दुकान ते अंगणवाडी'. पण त्या नावामुळंच बाई कागद घेऊन नगरपरिषदेत जाऊ शकते आणि विचारू शकते, की माझ्या दारातलं काम कागदावर झालंय, मग रस्ता कुठंय? एका मोठ्या निविदेत 'शहरातील विविध रस्त्यांचे पुनर्डांबरीकरण' असं लिहिलं की त्यात माझी गल्ली होती का नव्हती, हे शोधायला माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा लागेल, मग अपील, मग आयोग.

देखभाल करारात घाला, त्याला माझा विरोध नाही. वस्तीचा पैसा गावाच्या पिशवीत ओतायला विरोध आहे.

जुना_ओव्हरसियर

वरचं सगळं वाचलं. तिघंही आपापल्या जागी बरोबर बोलायलेत, पण एकानंही रस्त्याबद्दल लिहिलं नाही. सगळं निविदेबद्दल.

माझं आयुष्य या कामात गेलं. आपल्याकडची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगा पडतात, अगदी हात जाईल एवढ्या. तिच्यावर मुरमाचा आणि खडीचा थर नीट दाबलेला नसेल तर वर डांबर कितीही चांगलं टाका, दुसऱ्या पावसाळ्यात ते लाटेसारखं उठणार. त्यात नाली नाही. नाली असली तर रस्त्यापेक्षा उंच. पाणी रस्त्यावर थांबलं की डांबर आणि खडीची पकड सुटते, मग खडी मोकळी होते, आणि मग ऊस सुरू झाल्यावर डबल ट्रॉली त्यावरून गेली की झालं खड्ड्याचं बारसं. हा खड्डा ठेकेदाराचा, का नालीचा, का ट्रॉलीचा? पाच वर्षांच्या करारात हे कोण ठरवणार?

आपल्या यादीतली निम्मी कामं 'कारपेट'ची आहेत, म्हणजे २० मिमीचा थर. खालचा रस्ता मजबूत असेल तरच त्याचा उपयोग. बसलेल्या रस्त्यावर कारपेट टाकणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला चुना मारणं. आधी उकरा, खालचं बघा, जिथं बसलंय तिथं खोदून भरा, मग वरचा थर टाका. पण उकरल्यावर फोटोत काही दिसत नाही, म्हणून ते अंदाजपत्रकातच नसतं.

आता मोजणीचं. कुणालाही जमेल असं सांगतो. ५०० मीटर लांब, ५ मीटर रुंद रस्ता आणि ३० मिमी बिटुमिनस काँक्रीट, म्हणजे डांबर-खडीचा थर. २,५०० चौरस मीटर गुणिले ०.०३, म्हणजे ७५ घनमीटर. घनता २.३ च्या आसपास धरली तर १७२ टन माल. एका हायवात (मोठ्या टिप्परात) १५-१६ टन धरा. अकरा गाड्या व्हायला पाहिजेत. ३० मिमी ही रोलरनं दाबल्यानंतरची जाडी असते, सुटा माल नव्हे. सात गाड्यांतच रस्ता उरकला तर थर २० मिमीचा पडलाय, मग मोजमाप पुस्तिकेत काहीही लिहिलेलं असो. गल्लीतलं पोरगं ओट्यावर बसून गाड्या मोजू शकतं.

दुसरं, तापमान. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा माल अंथरताना १४० अंशांच्या खाली नसावा आणि रोलिंग ९० च्या खाली जायच्या आत संपावं. प्लांट ४० किलोमीटरवर, गाडीवर ताडपत्री नाही, डिसेंबरची सकाळ आणि त्यात एकच रोलर, तोही दुसऱ्या साइटवरून येणार. गाडी उभीच. माल थंड होऊन गोळे पडलेले मी बघितलेत, फावड्यानं फोडून पसरवायलेत. असा रस्ता पाच वर्षं काय, पाच महिनेही टिकत नाही.

निविदा एक असो का चाळीस, साइटवर थर्मामीटर घेऊन कोण उभं राहणार ते आधी ठरवा. नगरपरिषदेत एक शहर अभियंता, त्याच्याकडं पाणीपुरवठा, बांधकाम परवानगी, घरकुल आणि वर निवडणुकीची ड्युटी. तिऱ्हाईत तपासणी शासकीय तंत्रनिकेतनाकडून होते म्हणतात. होते, पण नमुना बहुतेक वेळा ठेकेदाराचाच माणूस नेऊन देतो.

रोलरवाला

ओव्हरसियर काका, एकदम बरोबर. ठेकेदार असून म्हणतो, गाड्या मोजा. फक्त एक मोजायचं राहिलं. ३० मिमीचं अंदाजपत्रक आणि २५ टक्के बिलो. त्या भावात ३० मिमी बसतच नाही, हे मंजूर करणाऱ्या साहेबाला कळत नाही का? अति खाली भरलं तर जादा अनामत घ्यायचा नियम हाय. अनामत घेतात, आणि काम झाल्यावर परत देतात. निविदा नामंजूर कधी करत नाहीत, कारण 'शासनाचा पैसा वाचला' असं टिपणीत लिहिता येतं.

एकदाच_काँक्रीट

एवढी चर्चा कशाला? डांबर बंद करा. सगळ्या गल्ल्या सिमेंट काँक्रीटच्या करा. महाग पडेल, पण वीस वर्षं बघायला नको. काळी माती, पाणी, नाली, सगळे प्रश्न संपले. डांबरामुळंच दरवर्षी यादी निघते आणि दरवर्षीच्या यादीवरच सगळ्यांचं पोट आहे. म्हणून काँक्रीट कुणालाच नको.

उंबरठा

एकदाच_काँक्रीट साहेब, आमच्या घरी या. आमच्या गल्लीत तीनदा रस्ता झाला. जुना न उकरता त्यावरच डांबर, मग अजून डांबर, आणि मागच्या वेळी त्यावर सिमेंट. वडिलांनी घर बांधलं तेव्हा दारात तीन पायऱ्या चढायच्या होत्या. आता एक पायरी उतरून घरात जातो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत गल्लीचं सगळं पाणी समोरच्या खोलीत, गव्हाची पोती भिजली. पंचनाम्यात 'पुराचं पाणी' लिहिलं. पूर कसला, रस्ता उंच झालाय.

आणि काँक्रीटला किमान १४ दिवस पाणी मारावं लागतं. मार्चअखेर बिल काढायचं म्हणून कामं फेब्रुवारी-मार्चमध्येच होतात. आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, ते आठवतंय ना? तसल्या भागात रस्त्यावर गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारणार कोण? आमच्या गल्लीत दोन दिवस मारलं, तिसऱ्या दिवशी टँकर आला नाही. आता पृष्ठभागाची भुकटी उडते, पोरं खडूसारखं खरवडतात.

एकदाच_काँक्रीट

@उंबरठा, तुम्ही सांगताय तो काँक्रीटचा दोष नाही, न उकरण्याचा आणि पाणी न मारण्याचा आहे. वापरलेलं पाणी गाळून मारता येतं, त्याला प्यायचंच पाणी लागतं असं थोडंच आहे. माझं मत बदललेलं नाही.

जुना_ओव्हरसियर

मत राहू द्या, पण नळाची पाइपलाइन अजून टाकायची राहिलेली असेल तर काँक्रीट करू नका. अमृत २.० (केंद्राची शहरी पाणी योजना) ची जलवाहिनी आणि पुढं भुयारी गटार, दोन्ही रस्त्याच्या पोटातूनच जाणार. सिमेंट फोडून पाइप टाकला की वरती मुरूम लोटतात आणि जातात. डांबर निदान ठिगळ घेतं. काँक्रीटचं ठिगळ कायम वेगळंच राहतं, तिथंच पहिली भेग पडते.

आडतलाइन

मी मोंढ्यात आडत करतो. सगळ्यांनी पैसा वरून कसा येतो आणि कसा खर्च होतो यावर लिहिलं. गावातून किती येतो यावर एकानंही लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

जकात होती तेव्हा नगरपालिकेला आमच्याकडून रोज रोकड यायची. १९९९ ला ती गेली. तेव्हापासून नगरपरिषद शासनाच्या अनुदानाकडं तोंड करून बसलीय. पगारसुद्धा त्यातूनच. स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं. आमच्याच लाइनीत गाळेभाडं वर्षानुवर्षे न भरणारे आहेत आणि रस्ता खराब म्हणून पहिला मोर्चा तेच काढतात. घरपट्टीच्या थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती (दंड) लागते, तरी कुणी घाबरत नाही. शास्तीमाफी येईलच, हे सगळ्यांना माहीत आहे.

देखभालीचा हेड पाहिजे ना? घरपट्टीतूनच करावा लागेल. आणि घरपट्टी वाढवायचा ठराव आला की या धाग्यावरचे सगळे एका बाजूला होतील, बघा.

माझा विरोध पाच वर्षांच्या कराराला नाही. ज्या नगरपरिषदेला यंदाचं वीजबिल भरता येत नाही, तिनं पाच वर्षांचं वचन द्यावं, याला आहे.

गोदाकाठ

सगळ्यांचं वाचलं. उत्तरं देतो, लांबेल.

@प्रभाग_नऊ ताई, वस्तीचा निधी मिसळू नये, हे मान्य. तो निधी वेगळाच राहील, त्याची कामं वेगळ्या यादीत, वेगळ्या नावानं. माझं म्हणणं एवढंच, की वस्तीतल्या रस्त्यालाही तोच थर, तीच तपासणी आणि तीच पाच वर्षांची जबाबदारी लागू करा. आज होतं काय, की मुख्य रस्त्याला दोषदायित्वाची मुदत (बिघडलं तर ठेकेदारानं दुरुस्त करायची मुदत) कुणीतरी बघतं तरी. गल्लीतल्या छोट्या कामाला ती कागदावर असते आणि एकालाही बोलावलं जात नाही. तुकड्यांमुळं रस्ता आला म्हणता, खरंय. पण तुकड्यांमुळं तो गेल्यावर धरायचं कुणाला, हे कळत नाही. डांबर उखडलेलं अंगणवाडीसमोर असेल तर ते अलीकडच्या ठेकेदाराचं की पलीकडच्याचं?

@रोलरवाला, छोट्या ठेकेदाराला बाहेर काढायचं नाही. दोन भाग करता येतील. जड वाहतुकीचे मोठे रस्ते एका निविदेत, तिथं पेव्हरची अट ठेवा. गल्ल्यांचे चार-पाच गट करा, भागावार, आणि तिथं तुमच्यासारख्यांनी भरावं. एका गटात एकच ठेकेदार, म्हणजे उखडलं तर तोच. बिलोच्या बाबतीत तुमच्या बाजूनं आहे. ज्या दरात थर बसत नाही ती निविदा नाकारायची धमक पाहिजे, आणि ती नाकारल्याचं कारण लिहायला अभियंत्याला पाठिंबा पाहिजे.

@आडतलाइन, घरपट्टीतून करावं लागेल, हो. वसुलीचा एक ठरलेला भाग फक्त रस्तेदेखभालीच्या स्वतंत्र खात्यात टाकायचा, असा ठराव करता येतो. खात्यात जेवढे जमतील तेवढ्याचाच करार. पाच नाही तर तीन वर्षांचा करा. थोडे रस्ते घ्या, पण त्यांच्या देखभालीचे पैसे आधी बाजूला ठेवा.

आणि एक. १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलंय, की खड्ड्यामुळं किंवा उघड्या मॅनहोलमुळं जीव गेला तर वारसांना ६ लाख, जखमीला ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. नगरपरिषदांनाही ते लागू आहे, आणि ही रक्कम जबाबदार अधिकाऱ्याकडून वा ठेकेदाराकडून वसूल करायची आहे. आता सांगा, देखभालीला पैसा नाही म्हणणं परवडेल का?

रोलरवाला

तो निकाल मीही वाचला. म्हणून तर पाच वर्षांच्या कराराला माझा विरोध अजून पक्का झालाय.

जून महिन्यात मी रस्ता केला. ऑगस्टमध्ये नळजोडणीसाठी एकानं रात्रीतून आडवा चर मारला. परवानगी नाही, शुल्क भरलं नाही, नगरसेवकाचा मेहुणा. चरात माती लोटली. पावसात ती बसली, मोटरसायकलवाला पडला. करार माझ्या नावावर. वसुली कुणाकडून होणार? माझ्याकडून. त्या मेहुण्याच्या घरी कुणी जाणार नाही. खोदणाऱ्यावर गुन्हा दाखल झाल्याचं एक उदाहरण मला आपल्या गावातून दाखवा, मी उद्या पाच वर्षांवर सही करतो.

प्रभाग_नऊ

रोलरवाले, मुद्दा बरोबर पण तुमची बाजू घेणार नाही. जो चर कुणीतरी मारतो तो मारल्याच्या दिवशीच तुम्ही नगरपरिषदेला पत्र द्या, आवक क्रमांक घ्या, फोटो लावा. ती नगरपरिषदेची जबाबदारी झाली. हे पत्र एकही ठेकेदार देत नाही, कारण मेहुण्याशी पुढच्या कामात गाठ पडणार असते. तुम्हाला वाईटही व्हायचं नाही आणि जबाबदारीही नको.

गोदाकाठ दादा, तुमचे 'गल्ल्यांचे गट' मला पटतायत, पण गट कोण पाडणार? गट पाडतानाच राजकारण होतं. आमच्या वस्तीतले दोन रस्ते एका गटात आणि एक दुसऱ्याच गटात ढकलला की तो तिसरा कायमचा गेला. आता प्रभागाला दोन नगरसेवक आहेत. दोघं दोन पक्षांचे असले की एकाच गल्लीचं दोन्ही बाजूंनी वेगवेगळं काम सुचवतात, हेही मी बघितलंय. गट पाडताना नकाशा लावा, नगरपरिषदेच्या भिंतीवर, आणि हरकती मागवा. नुसती यादी नको. यादीत गल्ली गाळता येते, नकाशात पांढरी दिसते.

जुना_ओव्हरसियर

नकाशा ही पहिली कामाची गोष्ट निघाली. त्यावर पाइपलाइनही काढा, म्हणजे कोणता रस्ता यंदा करायचा नाही तेही कळेल. जिथं जलवाहिनी बाकी आहे तिथं फक्त खड्डे भरा आणि डांबरीकरण एक वर्ष पुढं ढकला. पण हे कुणी ऐकत नाही. निधी ३१ मार्चला परत जाईल म्हणून मार्चमध्ये डांबर पडतं आणि मेमध्ये पाइपवाला खोदतो. दोन्ही कामं एकाच कार्यालयातून मंजूर झालेली असतात.

आडतलाइन

माझा प्रश्न अजून तसाच आहे. गोदाकाठ, तुमच्या स्वतंत्र खात्यात पैसे टाकायचा ठराव झाला, समजा. पुढच्या वर्षी पाणीपुरवठ्याची मोटार जळाली, तर त्या खात्याला हात लागणार नाही, याची हमी कोण देणार? प्यायला पाणी नाही आणि रस्त्याच्या खात्यात पैसे पडून आहेत, असं झालं तर मी स्वतः म्हणेन, काढा ते पैसे. तुम्हीही म्हणाल.

गोदाकाठ

म्हणेन कदाचित. पण काढताना सभेत ठराव करावा लागेल आणि कुणीतरी उभं राहून विचारेल, की परत कधी भरणार. आज विचारायलाही जागा नाही, कारण खातंच नाही.

पुढच्या आठवड्यात अंदाजपत्रकाची सभा आहे. नकाशा, गट आणि स्वतंत्र खातं, एवढ्या तीन मागण्यांचं निवेदन उद्या सकाळी ११ वाजता नगरपरिषदेत देतोय. ज्यांचं जेवढं पटतं त्यांनी तेवढ्यावर सही करा. ओव्हरसियर काका, गाड्या मोजायचं गणित जोडू का त्याला?

जुना_ओव्हरसियर

जोडा. पण निवेदनाला नको, यंदाची कामं सुरू झाली की त्या त्या गल्लीच्या ग्रुपवर टाका. नगरपरिषदेला ते गणित येतं.

रोलरवाला

मी नकाशावर आणि बिलोच्या मुद्द्यावर सही करतो. पाच वर्षांवर नाही. आणि निवेदनात चौथी मागणी घाला: मोजमाप झाल्यापासून किती दिवसांत बिल देणार ते करारात लिहा, आणि नाही दिलं तर व्याज. ती घातली नाही तर माझी सही खोडा.

एकदाच_काँक्रीट

पाचवी मागणी काँक्रीटची.

उंबरठा

आधी उकरून मगच करा, अशी सहावी. नाहीतर पुढच्या वेळी मला शिडी लावून रस्त्यावर यावं लागेल.